फासा कुणाच्या हाताचं ऐकत नाही

नशिबावर खेळतो तो हरतो, शिकून खेळतो तो जिंकतो. आमच्या शिराळ्यात हे वाक्य मी बरीच वर्षं वेगवेगळ्या तोंडांतून ऐकत आलोय आणि दर वेळी मला त्याचा तितकाच राग येतो. आधी ते रमीबद्दल होतं. मग मोबाइलवर क्रिकेटची टीम लावण्याबद्दल झालं. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा वाटलं, आता हे बोलणं थांबेल. थांबलं नाही. पेठ नाक्यावरून हायवेला लागायचं, निपाणी-आजरा करत आंबोलीचा घाट उतरायचा आणि पणजी गाठायची, असे बेत आखणाऱ्या पोरांच्या तोंडी ते आता फाशांपर्यंत आलंय. क्रॅप्स नावाच्या अमेरिकी जुगारात फासे टाकण्याचं तंत्र असतं, ते सरावाने हातात बसतं आणि एकदा बसलं की कॅसिनोचं काही चालत नाही, अशी ही श्रद्धा. पणजीत मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींवर खरी गर्दी रूलेट, बॅकरॅ आणि अंदर-बाहरच्या टेबलांभोवती असते. क्रॅप्सचं माहेर अमेरिका. पण पोरगं कुठल्या टेबलापाशी उभं राहतं याची मला फारशी चिंता नाही. ते काय मानून तिथे जातं, याची आहे.

त्यांचं म्हणणं मी त्यांच्याच जोराने मांडतो, कारण ते ऐकणाऱ्याला पटण्यासारखं आहे. रूलेटचं चाक कॅसिनोचा माणूस फिरवतो, पत्ते कॅसिनोचा माणूस वाटतो. क्रॅप्समध्ये मात्र फासे खेळणाऱ्याच्या हातात येतात. फासा ही वस्तू आहे, तिला वजन आहे, कडा आहेत, ती विज्ञानाच्या नियमाने उडते आणि पडते. म्हणजे ती ज्या हातातून सुटली त्या हाताचा तिच्यावर परिणाम होणारच. भालाफेक शिकता येते, गोलंदाजाला चेंडू टप्प्यावर टाकता येतो, तर फासा का नाही? शिवाय कॅसिनोचा फायदा या खेळात फार थोडा आहे. तो थोडासा फायदा हाताच्या सरावाने उलटवला की काम झालं. अमेरिकेत याच्यावर पुस्तकं आहेत, पैसे घेऊन शिकवणारे वर्ग आहेत. इतकी माणसं काय मूर्ख आहेत?

मूर्ख नाहीत. पण त्यांचं म्हणणं खोटं आहे, आणि ते कुठे खोटं ठरतं हे बोट ठेवून दाखवता येतं.

खेळ आधी समजून घेऊ. दोन फासे, सहा गुणिले सहा म्हणजे छत्तीस प्रकारची दानं. त्यांत सात पडण्याचे सहा प्रकार, म्हणून सात हे सगळ्यात जास्त वेळा पडणारं दान. पहिल्याच फेकीला सात किंवा अकरा पडले तर मुख्य पैज जिंकली. दोन, तीन किंवा बारा पडले तर हरली. चार, पाच, सहा, आठ, नऊ, दहा यांपैकी काही पडलं तर तो आकडा ठरतो, आणि मग सात पडायच्या आत तोच आकडा पुन्हा पाडायचा असतो. सगळा हिशेब केला तर ४९५ डावांत सरासरी २४४ डाव खेळणाऱ्याचे आणि २५१ डाव कॅसिनोचे. शंभर रुपयांच्या पैजेमागे कॅसिनोला १ रुपया ४१ पैसे. तंत्रवाल्यांचा सगळा डोलारा उभा आहे तो एवढ्यावरच, की पहिला आकडा ठरल्यानंतर सात कमी वेळा पाडता आले तर ही तफावत आपल्या बाजूला झुकेल. गणित बरोबर आहे. प्रश्न फक्त सात कमी पाडता येतात का, हा आहे.

शिकवतात काय, ते पाहू. फासे ठरावीक बाजू वर आणि ठरावीक बाजू शेजाराला अशा रीतीने जोडून धरायचे. बोटांच्या टोकांनी हलकेच उचलायचे, दोन्ही एका रेषेत, मागच्या दिशेला थोडी गिरकी देत सोडायचे, म्हणजे हवेत दोघेही एकाच आसाभोवती फिरतील. भिंतीजवळ ते अलगद टेकावेत आणि तिथेच विझावेत. असं झालं तर ज्या बाजू आसावर आहेत त्या वर येणार नाहीत आणि छत्तीसऐवजी सोळाच दानं शक्य राहतील.

आता टेबल बघा. क्रॅप्सचं टेबल साधारण बारा-चौदा फूट लांब असतं आणि नियम असा की दोन्ही फासे पलीकडच्या भिंतीला लागलेच पाहिजेत. ती भिंत सपाट नसते. तिच्यावर रबराचे छोटे छोटे पिरॅमिड ओळीने बसवलेले असतात. फाशाचा कोपरा पिरॅमिडच्या टोकाला लागला की एक दिशा, उतारावर लागला की दुसरी, दोन पिरॅमिडांच्या खाचेत लागला की तिसरी. या तीन जागांमधलं अंतर काही मिलिमीटरचं. हात कितीही सरावलेला असो, बारा फुटांवरून तो काही मिलिमीटरचा नेम दोन्ही फाशांसाठी, दोघांच्या त्या क्षणीच्या गिरकीसकट, दर फेकीला साधणार आहे का? फासा विज्ञानाच्या नियमाने पडतो, हे खरंच. पण त्याच विज्ञानाचा दुसरा निष्कर्षही खरा आहे. कडा असलेली वस्तू कठीण पृष्ठभागावर आपटून उसळली की सुरुवातीचा केसाएवढा फरक प्रत्येक उसळीला वाढत जातो, आणि तीन-चार उसळ्यांनंतर ती कशी सोडली होती याची खूण शिल्लक राहत नाही. गोलंदाजाचा दाखला इथे लागू पडत नाही. त्याचा चेंडू गोल असतो, एकच टप्पा घेतो, आणि चेंडूची कुठली बाजू वर राहून थांबावी अशी अट त्याला कुणी घातलेली नसते.

आणि हे तंत्र अर्धवट जमलं तर काय होतं, हे शिकवणारे स्पष्ट सांगत नाहीत म्हणून मीच सांगतो. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी सात असते. समजा दोन्ही फासे एक आणि सहा या बाजू आसावर ठेवून धरले. आस टिकला, पण दोघांची गिरकी एकमेकांशी जुळली नाही. मग प्रत्येक फाशावर दोन, तीन, चार, पाच एवढेच वर येऊ शकतात. सोळा दानं. त्यांत सात किती वेळा? दोन-पाच, पाच-दोन, तीन-चार, चार-तीन. सोळांत चार, म्हणजे पंचवीस टक्के. कुठलंही तंत्र न शिकता डोळे मिटून फेकलं असतं तर सात पडण्याचं प्रमाण छत्तीसांत सहा, म्हणजे साधारण सतरा टक्के होतं! अर्ध्या वाटेवर पोचलेला विद्यार्थी नवख्यापेक्षा लवकर बुडतो. दोन फाशांचे आस वेगवेगळे ठेवले तर हेच प्रमाण सोळांत दोनावर येतं, हेही खरं. तंत्रवाले तेवढंच सांगतात. पण आस टिकलाच नाही, तर या सगळ्या मांडणीला काडीचाही अर्थ उरत नाही आणि दानं पुन्हा छत्तीसांचीच होतात. पिरॅमिडांवर आपटल्यानंतर आस टिकतो, हे आजवर कुणी मोजून दाखवलंय?

हाताचं कौशल्य म्हणजे काय, हे शिराळ्याला बाहेरच्या कुणी शिकवायची गरज नाही. या गावातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या नाग धरले. उच्च न्यायालयाने नागपंचमीच्या जिवंत नागपूजेला मनाई केली, ती का केली आणि बरोबर केली का, हा वाद मी इथे काढत नाही. पण ते धरणं हे कौशल्य होतं, याबद्दल दुमत नसावं. का होतं? कारण समोरचा जीव प्रत्येक हालचालीला उत्तर देत होता. हात घाईने गेला तर फणा वळायचा. पकड चुकली तर त्याच क्षणी कळायचं, आणि कळलेलं पुढच्या वेळी कामाला यायचं. चूक दिसते म्हणून हात सुधारतो. जगातलं कुठलंही हस्तकौशल्य असंच शिकलं जातं. भाताचा तरवा लावणाऱ्या बाईच्या बोटांपासून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत.

फासा काय उत्तर देतो? हात अगदी नीट सुटला, गिरकी जुळली, फासे सुंदर उडाले आणि सात पडले. हात वेडावाकडा गेला, एक फासा तिरपा उडाला आणि हवा तो आकडा पडला. यांतून हाताने काय शिकायचं? चांगल्या फेकीला शिक्षा आणि वाईट फेकीला बक्षीस मिळत असेल, तर हजार तास सराव केला तरी हात शिकणार कसा? सरावाने फेक देखणी होते, हे मी मान्य करतो. फासे जोडीने उडतात, पाहणाऱ्याला भारी वाटतं. पण पैज फेकीच्या देखणेपणावर लागलेली नसते, वर आलेल्या ठिपक्यांवर लागलेली असते, आणि देखणी फेक व वर आलेले ठिपके यांच्यामध्ये ती रबराची भिंत उभी आहे. ती नेमकी त्यासाठीच उभी केलेली आहे.

पुरावा म्हणून नेहमी एक नाव पुढे येतं, स्टॅनफर्ड वाँग. ब्लॅकजॅकवर लिहिणारा हा नावाजलेला लेखक फाशांकडे वळला आणि २००४ साली त्याने एक पैज घेतली. तंत्राने फासे टाकणाऱ्यांनी ५०० फेकी टाकायच्या; सरासरीने ८३ सात अपेक्षित, ते ऐंशीच्या आत राहिले तर वाँग जिंकला. पडले ७४. वाँग जिंकला आणि तंत्रवाल्यांना हत्यार मिळालं. आता याचा हिशेब करा. कुठलंही तंत्र नसलेल्या माणसाने ५०० फेकी टाकल्या तर ७४ किंवा त्याहून कमी सात पडण्याची शक्यता सुमारे चौदा टक्के आहे. साधारण सातांत एक. शिराळ्याच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणारी कुठलीही सात माणसं बोलवा, प्रत्येकाला पाचशे वेळा फासे टाकायला लावा. त्यांतल्या एकाकडून वाँगइतका निकाल निघाला तर नवल वाटायला नको. मग त्या माणसाच्या हातात तंत्र आहे असं म्हणायचं? त्याने वर्ग काढावा?

किती फेकी टाकल्यावर काही खात्रीने म्हणता येईल, तेही सांगतो, कारण हा आकडा शिकणाऱ्या प्रत्येकाने खिशात ठेवायला हवा. तंत्रवाल्यांचा दावा माफक धरू; सरासरी सहा फेकींत एकदा सात पडण्याऐवजी साडेसहा फेकींत एकदा पडतात, एवढाच. हा फरक योगायोगापासून वेगळा ओळखायला किमान तीन हजार चारशेच्या आसपास फेकी लागतात, आणि तेव्हाही थोडी शंका उरते. या फेकी एकाच हाताच्या, पूर्ण लांबीच्या टेबलावरच्या, भिंतीला लागलेल्या हव्यात, आणि प्रत्येक फेक लिहिलेली हवी. घरच्या चादरीवर टाकलेल्या चालत नाहीत. चांगल्या रात्रीच्या तेवढ्या लिहायच्या आणि वाईट रात्री वही विसरायची, हेही चालत नाही. अशी वही मी आजवर पाहिलेली नाही. पाहिले ते किस्से.

किस्साच हवा असेल तर सगळ्यात मोठा घ्या. २३ मे २००९. अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीमधलं बोर्गाटा कॅसिनो. पॅट्रिशिया डीमॉरो नावाच्या बाईंच्या हातात फासे आले आणि पुढे चार तास अठरा मिनिटं त्यांचा हात चालला. १५४ फेकी. ठरलेल्या आकड्याआधी सात पडले की फासे पुढच्याकडे जातात; तोवर एका हाताला सरासरी साडेआठ फेकी येतात, त्याच्यापुढे हे १५४. असं घडण्याची शक्यता साधारण ५६० कोटींत एक. जगाचा विक्रम. या बाई कुठल्या वर्गात शिकल्या होत्या? कुठल्याच नाही. क्रॅप्समध्ये त्या नवख्या होत्या. जगभर रोज लाखो वेळा फासे पडतात, वर्षानुवर्षं पडतात, त्यांतून कधीतरी कुणाच्या तरी हातून असं होणारच, आणि ते झालं. तंत्र घोटणाऱ्या हजारो हातांना जे आयुष्यभर जमलं नाही, ते काहीही न शिकलेल्या हाताला जमलं, यातून दुसरा कुठला अर्थ निघतो?

कॅसिनोचं वागणंही पाहा. १९६२ साली एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने पुस्तक लिहून दाखवलं की ब्लॅकजॅकमध्ये पडून गेलेल्या पत्त्यांचा हिशेब ठेवणारा कॅसिनोला हरवू शकतो. तिथे खरंच कौशल्य होतं, कारण गेलेला पत्ता परत येत नाही आणि उरलेल्या पत्त्यांचं गणित बदलतं. कॅसिनोंनी काय केलं? १९६४मध्ये लास व्हेगासने नियम बदलून पाहिले, पुढे पत्त्यांचे जोड वाढवले, पत्ते मोजणाऱ्यांना दारातून परत पाठवायला सुरुवात केली. खऱ्या कौशल्याला धंदा असाच घाबरतो. फासे जोडून धरणाऱ्यांना काय करतात? दोन्ही फासे भिंतीला लावा आणि फार वेळ घालवू नका, एवढं सांगतात आणि पुढच्या पैजेसाठी वाट मोकळी करून देतात. ज्याच्यापासून धोका आहे त्याला कुठला व्यापारी खुर्ची देईल? फाशाला उसळू न देता एक फासा टेबलावरून सरपटत सोडला तर वरची बाजू टिकवता येते, हे मात्र शक्य आहे. पण ते कॅसिनो खपवून घेत नाही, आणि अमेरिकेत त्यावरून फसवणुकीचे खटले झाले आहेत. म्हणजे जे जमतं त्याला लबाडी म्हणतात, आणि ज्याला तंत्र म्हणून विकतात ते जमत नाही.

यावर महाभारत पुढे केलं जातं. नलाने द्यूतात राज्य घालवलं, मग ऋतुपर्ण राजाकडून अक्षहृदय शिकला आणि राज्य परत जिंकलं. म्हणजे फाशाची विद्या शिकता येते हे आपल्या पूर्वजांना माहीत होतं, असं मला एकाने छातीठोक सांगितलं. कथा अर्धी सांगू नये. ऋतुपर्णाने नलाला आपली विद्या दाखवली ती कशावर? बेहड्याच्या झाडावर. हे झाड आमच्या चांदोलीच्या रानातही आहे. रथ धावत असताना त्याने झाडाची पानं आणि फळं किती, ते नुसत्या नजरेने सांगितलं, आणि नलाने रथ थांबवून ते मोजून पाहिलं. ही विद्या हाताची नव्हती, मोजण्याची होती. त्या काळचे फासे म्हणजे बेहड्याची फळंच होती, आणि फळांची संख्या झटकन मोजणाऱ्याला त्या खेळात फायदा होत असे, असं अभ्यासकांचं मत आहे. ज्याला ते अक्षहृदय हवं आहे त्याने छत्तीस दानं मोजायला शिकावं. ती मोजली की क्रॅप्स खेळू नये, एवढंच कळतं.

आणि कथेचं पुढचं पान कुणी का उलटत नाही? नलाची ही गोष्ट वनवासात बृहदश्व ऋषींनी युधिष्ठिराला सांगितली आणि शेवटी युधिष्ठिरालाही अक्षहृदय दिलं. ते मिळाल्यावर युधिष्ठिराने काय केलं? शकुनीला पुन्हा आव्हान दिलं? इंद्रप्रस्थ पणाला लावून परत जिंकलं? नाही. अज्ञातवासात तो कंक नाव घेऊन विराटाच्या दरबारी फासे खेळायला बसला, आणि तिथे राजाने रागाच्या भरात तेच फासे त्याच्या तोंडावर मारून रक्त काढलं. राज्य त्याला कुरुक्षेत्रावर मिळालं. ज्याच्याकडे विद्या होती त्यानेही तिच्या भरवशावर दुसऱ्यांदा राज्य लावलं नाही. शकुनीशी बसण्याआधीच त्याने द्यूताला कपट म्हटलं होतं. तेव्हा त्याने स्वतःचं ऐकलं नाही आणि पुढचं सगळं घडलं.

न्यायालयाचा आधारही दिला जातो. कौशल्याचा खेळ म्हणजे जुगार नाही, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, हे खरं. १९५७च्या चमारबागवाला प्रकरणात ते म्हटलं, १९६७मध्ये रमीला कौशल्याचा खेळ मानलं. पण का मानलं? पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवावं लागतं, म्हणून. त्याच निकालात तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा म्हणून वेगळा काढलेला आहे. फासे टाकणाऱ्याला काय लक्षात ठेवायचं असतं? कशातून निवड करायची असते? ज्या निकालाचा आधार घेता तो निकालच तुमच्या विरुद्ध जातो. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा. त्यातली सूट कौशल्याच्या खेळांना आहे. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा केला, तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३मध्ये रद्द केला. आपल्या राज्यात एकही कायदेशीर कॅसिनो नाही, ही चांगली गोष्ट आहे आणि ती तशीच राहावी.

आता पैशांचं. समजा माझं सगळं वरचं म्हणणं चुकलं. समजा एखाद्याचा हात खरंच जगावेगळा निघाला आणि कॅसिनोचा १.४१ टक्क्यांचा फायदा उलटून त्याला स्वतःला एक टक्का सुटू लागला. भारतात हा माणूस जिंकेल? कॅसिनोवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला, आणि तो चिप्स घेताना मोजलेल्या रकमेवर लागतो. दहा हजारांच्या चिप्सवर चार हजार. कॅसिनो तो स्वतः सोसो किंवा गिऱ्हाइकाकडून घेवो, शेवटी टेबलावरच्या पैशांतूनच निघतो. एक टक्का सुटणाऱ्याला हे चार हजार भरून काढायला चार लाखांच्या पैजा लावाव्या लागतील. त्याच्यापुढे आयकर. जुगारातल्या जिंकलेल्या रकमेवर सरसकट तीस टक्के आणि वर उपकर, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. एका रात्री लाख जिंकले आणि दुसऱ्या रात्री लाख हरले तर हातात शून्य, आणि डोक्यावर तीस हजारांहून जास्त कर. अमेरिकेतल्या पुस्तकातलं टक्क्याचं गणित घेऊन आंबोली उतरणाऱ्या पोराला हे कुणी सांगितलंय का?

पण माझा खरा आक्षेप पैशांच्याही पलीकडचा आहे. नशिबावर विश्वास ठेवणारा माणूस हरतो तेव्हा म्हणतो, आज दिवस वाईट होता. खिसा रिकामा झाला की घरी येतो. घरच्यांची बोलणी खातो, पुढच्या महिन्यात पुन्हा चुकतो, पण स्वतःला दोष देत रात्र-रात्र जागत नाही. तंत्रावर विश्वास ठेवणारा हरतो तेव्हा म्हणतो, माझा अंगठा किंचित आधी सुटला. म्हणजे त्याला हरण्याचं कारण खेळात दिसत नाही, स्वतःच्या हातात दिसतं, आणि हातात असलेला दोष सरावाने जातो अशी त्याची खात्री असते. मग तो सराव करतो. पुन्हा जातो. जिंकला तर तंत्र सिद्ध झालं, हरला तर सराव कमी पडला. ज्या विश्वासाला हरण्याने तडा जात नाही तो विश्वास माणसाला थांबू देत नाही. उसाचं बिल आलं की त्यातलं थोडं, मग पतसंस्थेतलं, मग आईच्या पाटल्या, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याला वाटत असतं की आपण जुगार खेळत नाही, आपण शिकतोय. शिक्षणावर केलेला खर्च वाया जात नाही, असं आपणच त्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

कॅसिनोवाल्यांनी लोकांना लुटायला एखादी कल्पना शोधायची ठरवली असती तर याहून चांगली सापडली नसती. लुटला गेलेला माणूस तक्रार करत नाही. तो स्वतःलाच दोष देतो आणि आणखी पैसे घेऊन येतो.

करमणूक म्हणून खेळलं तर काय बिघडलं, असं विचारणाऱ्यांशी माझा वाद नाही. बलिप्रतिपदेला घरोघर सारीपाट मांडला जायचा, कवड्या खुळखुळायच्या, आजी-नातू एकमेकांच्या सोंगट्या मारायचे. त्यात कुणी तंत्र विकत नव्हतं आणि पैज लागलीच तर सुपारीची किंवा खोबऱ्याच्या वाटीची. गोव्याला जाऊन ठरवलेले पाचशे रुपये हरून, समुद्र बघून परत येणाऱ्याशीही माझं भांडण नाही. त्याला ठाऊक असतं की त्याने पाचशेची मजा विकत घेतली. माझं भांडण त्याच्याशी आहे, जो एकवीस-बावीस वर्षांच्या पोराला सांगतो की ही मजा नव्हे, हा तुझा पुढचा धंदा आहे. हे सांगणाऱ्यांत कॅसिनोपेक्षा आपलीच माणसं जास्त आहेत. जिंकलेल्या रात्रीचा फोटो दाखवणारा मित्र. 'पोरगं हुशार आहे, काहीतरी शास्त्र शिकून खेळतंय' असं कौतुकाने म्हणणारा चुलता. हरलेल्या रात्रींबद्दल गप्प बसणारे सगळेच.

म्हणून मी तंत्र शिकवणाऱ्यांकडे आणि त्याची भलामण करणाऱ्यांकडे दोन कागद मागतो. एक, तीन हजार चारशे फेकींची वही. सलग, एकाच हाताची, पूर्ण टेबलावरची, पान न फाडलेली, परक्या माणसाच्या सहीची. दोन, गेल्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, ज्यांत कॅसिनोतल्या जिंकलेल्या रकमेवर भरलेला तीस टक्के कर दिसेल. हे दोन कागद दाखवल्याशिवाय शिराळ्यातल्या कुठल्याही पोराने यांना एक रुपया फी देऊ नये. आणि ज्या बापाने पोराच्या हातात ऊसबिलाचे पैसे ठेवलेत, त्याने ते आजच मागून घ्यावेत.